हायकू प्रणालीवरील ग्रंथसूचीसाठी कोणते डेटाबेस इंजिन निवडावे?

सूचिकार (प्रश्न)

हायकू या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मी ग्रंथसंग्रहाची सूची ठेवणारा एक डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहीत आहे. पडद्यावरचा भाग बऱ्यापैकी उभा राहिला आहे. आता नोंदी कशात साठवायच्या हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि हा निर्णय एकदा घेतला की मागे फिरणे अवघड असते, म्हणून आधीच विचारत आहे.

साधारण पन्नास हजार ग्रंथांच्या नोंदी असतील. प्रत्येक नोंदीला शीर्षक, एक किंवा अनेक लेखक, विषय, प्रकाशनवर्ष, दाखलक्रमांक आणि टिपण असेल, आणि काही ग्रंथांची स्कॅन केलेली पाने त्याच डिस्कवर फाइलींच्या स्वरूपात असतील. वापरणारी व्यक्ती एका वेळी एकच असेल, परंतु प्रोसेस दोन असतील: एक मुख्य खिडकीची, आणि दुसरी स्कॅनच्या फोल्डरवर लक्ष ठेवून नव्या फाइलींची नोंद करणारी. नोंदी बहुतांशी देवनागरीत आहेत. मध्येच वीज गेली तर नोंदलेली माहिती हरवता कामा नये, आणि उद्या कोणाला हीच सूची लिनक्सवर उघडावीशी वाटली तर ती उघडता आली पाहिजे.

माझ्यापुढे चार पर्याय आहेत. पहिला म्हणजे हायकूच्या बीएफएस फाइल सिस्टीममध्येच असलेली अ‍ॅट्रिब्यूट (फाइलीला जोडलेली माहिती) आणि क्वेरी (त्या माहितीवरून फाइली शोधणे) यांची सोय. ती वापरली तर वेगळ्या इंजिनाची गरजच उरत नाही, आणि मला हा मार्ग मनापासून आवडतो. दुसरा एसक्यूलाइट आणि तिसरा एलएमडीबी, ही प्रोग्रॅमच्या आतच चालणारी डेटाबेस इंजिने, आणि चौथा पोस्टग्रेएसक्यूएल किंवा मारियाडीबीसारखा पूर्ण सर्व्हर. वेगाच्या तुलना मी पुष्कळ वाचल्या, पण त्या सगळ्या लिनक्सवर केलेल्या असतात. वापरकर्ते थोडे आणि देखभाल करणारे त्याहून थोडे अशा ऑपरेटिंग सिस्टीमवर इंजिन निवडताना कोणत्या कसोट्या लावाव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कर्नलवाचक

आपला प्रश्न योग्य जागी बोट ठेवणारा आहे. लहान ऑपरेटिंग सिस्टीमवर इंजिन आपल्याला काय देते यापेक्षा ते ऑपरेटिंग सिस्टीमकडून काय मागते, हे आधी पाहावे. प्रत्येक इंजिन काही गोष्टी गृहीत धरून लिहिलेले असते: फाइलीवरचे लॉक ठरावीक पद्धतीने वागतील, एफसिंक (माहिती डिस्कवर लिहून टाकण्याची विनंती) परतले म्हणजे माहिती डिस्कवर पोहोचली, मेमरीत मॅप केलेली फाइल आणि रीड-राइटने दिसणारी फाइल यांत फरक पडणार नाही, दोन प्रोसेसना सामायिक मेमरी मिळेल. लिनक्सवर ही गृहीतके लाखो यंत्रांवर रोज तपासली जातात. लहान प्रणालीवर त्यांतले एखादे अर्धवट खरे असू शकते, आणि त्याचा पत्ता बिघडलेली फाइल समोर आल्यावरच लागतो. म्हणून ज्याच्या मागण्या सर्वांत कमी आणि सर्वांत साध्या, ते इंजिन निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

या कसोटीवर सर्व्हर पहिल्याच फेरीत बाद होतात. पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रोसेस उभी करते, सामायिक मेमरी आणि सेमाफोर (प्रोसेसमध्ये समन्वय ठेवण्याची सोय) मागते, आणि एका माणसाच्या सूचीसाठी हा पसारा कशाला, असा प्रश्न पडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मूळ प्रकल्पाचे लक्ष कोणत्या प्रणालींवर आहे हे पाहावे लागते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या १६व्या आवृत्तीत एचपी-यूएक्सचा आणि १७व्या आवृत्तीत एआयएक्सचा आधार काढून टाकला गेला. मागे मोठ्या कंपन्या असलेल्या प्रणालींची ही गत असेल, तर हायकूसाठी लागणारे बदल प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर हायकूच्याच स्वयंसेवकांना वाहून न्यावे लागणार हे उघड आहे.

एलएमडीबी हे सुंदर इंजिन आहे. कॉपी-ऑन-राइट (जुने पान न बदलता नवी प्रत लिहिण्याच्या) पद्धतीचा बी-प्लस वृक्ष, वेगळी लॉग फाइल नाही, आणि वाचणाऱ्याला लिहिणाऱ्यासाठी थांबावे लागत नाही. परंतु त्याचा सारा डोलारा मेमरी मॅपवर उभा आहे. नेहमीच्या पद्धतीत ते मॅपमधून वाचते आणि फाइलीत राइट करून लिहिते, म्हणजे दोन्ही वाटांनी एकच चित्र दिसले पाहिजे, ही त्याची अट आहे. ओपनबीएसडीमध्ये फाइलींचा बफर आणि मेमरीची पाने यांचा साठा एकत्र नसल्यामुळे तिथे एलएमडीबी वापरताना मॅपमधूनच लिहिण्याचा वेगळा पर्याय चालू करावा लागतो. एका नावाजलेल्या प्रणालीवर ही अडचण येते, तेव्हा कमी वापराच्या प्रणालीवर हे गृहीतक स्वतः तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय एलएमडीबीची फाइल प्रोसेसरच्या शब्दलांबीवर अवलंबून असते. हायकू ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन्ही रूपांत मिळते, त्यामुळे एकीकडची सूची दुसरीकडे उघडणार नाही. आणि ते केवळ किल्ली व मूल्य यांच्या जोड्या साठवते. लेखकावरून ग्रंथ, विषयावरून लेखक असे सगळे इंडेक्स (झटपट शोधासाठीच्या याद्या) आपल्यालाच लिहावे व सांभाळावे लागतील.

एसक्यूलाइटच्या मागण्या मात्र खरोखर माफक आहेत. फाइल उघडणे, ठरावीक जागी वाचणे व लिहिणे, लॉक करणे, सिंक करणे आणि फाइल पुसणे एवढे जमले की त्याचे काम चालते. ऑपरेटिंग सिस्टीमशी येणारा सगळा संबंध व्हीएफएस नावाच्या एका पातळ थरात कोंडलेला आहे. युनिक्ससाठीचा थर हायकूच्या पॉझिक्स (युनिक्ससारख्या प्रणालींचे सामाईक मानक) सोयींवर चालतो, आणि उद्या एखादी गोष्ट बिनसली तर तेवढाच थर बदलता येतो. उरलेल्या इंजिनाला हात लावावा लागत नाही. प्लॅन ९सारख्या, पॉझिक्सपासून मुळातच दूर असलेल्या प्रणालीवरही वाट हीच. फाइलीची रचना २००४ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून टिकून आहे, ३२ व ६४ बिट यंत्रांवर ती सारखीच असते, आणि मूळ कोड सार्वजनिक मालकीचा असल्याने परवान्याचा प्रश्न येत नाही. लिनक्सवर सूची उघडण्याची आपली अट यात आपोआप पूर्ण होते.

दोन गोष्टी मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्याव्यात. पहिली, जर्नलची, म्हणजे बदल अर्धवट राहिल्यास सावरण्यासाठी ठेवलेल्या नोंदीची, पद्धत. २०१० साली आलेली वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या लॉगमध्ये लिहिणारी) जलद आहे, परंतु एकाहून अधिक प्रोसेस असतील तेव्हा तिला सामायिक मेमरी लागते, म्हणजे पुन्हा मागण्या वाढल्या. आपल्या दोन प्रोसेसना जुनी रोलबॅक जर्नल पद्धत (बदलण्याआधीची पाने जपून ठेवणारी) पुरेशी आहे. दुसरी प्रोसेस लिहीत असताना थोडे थांबण्याची मुदत तेवढी ठरवून द्या, आणि फोल्डरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोसेसने ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून पूर्ण होणारे किंवा रद्द होणारे बदल) लहान ठेवावेत, म्हणजे खिडकी अडून राहणार नाही.

दुसरी गोष्ट लॉकची आहे, आणि ती फार जणांना ठाऊक नसते. पॉझिक्सच्या नियमानुसार एखाद्या प्रोसेसने एकच फाइल दोनदा उघडली आणि त्यांपैकी एक हँडल बंद केले, तर त्या फाइलीवरचे त्या प्रोसेसचे सगळे लॉक सुटतात, मग ते कोणत्याही हँडलवरून घेतलेले असोत. एसक्यूलाइट स्वतःच्या आत याची काळजी घेते, पण आपणच त्याच प्रोसेसमध्ये सूचीची फाइल साध्या ओपनने उघडून बॅकअपसाठी कॉपी केली आणि बंद केली, तर इंजिनाच्या नकळत त्याचे लॉक जातील आणि त्याच क्षणी दुसरी प्रोसेस लिहायला मोकळी होईल. बॅकअपसाठी एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअपची सोय किंवा व्हॅक्यूम इंटू ही आज्ञाच वापरावी.

मागोवा

वरील मताशी मी सहमत आहे, पण बीएफएसचा पर्याय न तपासता बाजूला राहिला असे वाटले, म्हणून लिहीत आहे. जो माणूस हायकू निवडतो तो बहुधा याच सोयीसाठी निवडतो, आणि त्या आवडीला न्याय मिळायला हवा.

बीओएस या हायकूच्या पूर्वसुरी ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत फाइलींच्या शेजारी एक वेगळा डेटाबेस असे, आणि फाइली व डेटाबेस यांचा मेळ ठेवणे जड जाई. १९९६-९७मध्ये डॉमिनिक जियाम्पाओलो आणि सिरिल म्युरियों यांनी बीएफएस लिहिताना अ‍ॅट्रिब्यूट आणि त्यांचे इंडेक्स फाइल सिस्टीमच्या आतच आणले. पुढे २००१ साली ओपनबीओएस या नावाने सुरू झालेल्या हायकूने तीच रचना नव्याने लिहून घेतली. आज ट्रॅकरमध्ये (हायकूच्या फाइल व्यवस्थापकात) एखाद्या फोल्डरचे रकाने म्हणून ही अ‍ॅट्रिब्यूट दिसतात, आणि क्वेरी जिवंत ठेवता येते: अटीत बसणारी नवी फाइल आली की ती निकालात आपोआप दिसू लागते. आपल्या स्कॅनच्या फोल्डरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोसेसला याहून नेटकी सोय मिळणार नाही.

पण संपूर्ण सूची यात ठेवू नये, याची कारणेही तितकीच ठोस आहेत. अनेक फाइलींवरचे बदल मिळून एक ट्रान्झॅक्शन करता येत नाही. ग्रंथ आणि त्याचे तीन लेखक यांची नोंद अर्ध्यावर थांबली तर ती अर्धीच राहते. बीएफएसचे जर्नल फाइल सिस्टीमची रचना सांभाळते, फाइलीतल्या मजकुराची हमी देत नाही. एका अ‍ॅट्रिब्यूटवरून दुसऱ्या फाइलीतल्या अ‍ॅट्रिब्यूटपर्यंत पोहोचणारी क्वेरी नाही, मोजदाद नाही, एका लेखकाला अनेक ग्रंथ हे नाते मांडण्याची रीत नाही. इंडेक्स तयार करण्यापूर्वी ज्या फाइलींवर अ‍ॅट्रिब्यूट लिहिलेली असतात त्या इंडेक्समध्ये आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी रीइंडेक्स ही वेगळी आज्ञा चालवावी लागते. आणि फॅट फाइल सिस्टीम असलेल्या पेनड्राइव्हवर फाइल गेली की अ‍ॅट्रिब्यूट मागेच राहतात. लिनक्सची आपली अट इथेच मोडते.

म्हणून माझी सूचना अशी. खरी नोंद एसक्यूलाइटमध्येच असावी, आणि स्कॅनच्या फाइलींवर शीर्षक, लेखक आणि दाखलक्रमांक एवढीच तीन अ‍ॅट्रिब्यूट लिहावीत, जेणेकरून ट्रॅकरमधून शोधता यावे. आधी डेटाबेसमधले ट्रान्झॅक्शन पूर्ण करावे, मगच अ‍ॅट्रिब्यूट लिहावीत, उलट कधीही नाही. डेटाबेसवरून सगळी अ‍ॅट्रिब्यूट पुन्हा लिहून काढणारी एक आज्ञा पहिल्याच आवृत्तीपासून द्यावी. दोन ठिकाणी ठेवलेली माहिती कधी ना कधी वेगळी पडतेच, आणि तेव्हा कोणती खरी मानायची हे प्रोग्रॅमला माहीत असले पाहिजे.

सूचिकार

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बीएफएसविषयीचा माझा मोह आता योग्य जागी आला आहे. एसक्यूलाइट रोलबॅक जर्नलसह, आणि फाइलींवर तीन अ‍ॅट्रिब्यूट, असे ठरवतो. दोन शंका उरतात. देवनागरी मजकुरातील शोध आणि अकारविल्हे एसक्यूलाइटमध्ये नीट चालतात का? आणि हायकूवर वीज गेल्यास नोंदी खरोखर टिकतील, याची खात्री कशी करून घ्यावी?

अक्षरक्रम

पहिल्या शंकेबद्दल लिहितो. चालते, परंतु मूळ मांडणीवर सोडून देऊ नका.

पूर्ण मजकुरातील शोधासाठी एसक्यूलाइटची एफटीएस५ ही सोय वापराल. त्याचा नेहमीचा शब्दविभाजक म्हणजे युनिकोड६१. तो अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो, आणि युनिकोडच्या वर्गवारीत आपल्या मात्रा, वेलांट्या, उकार आणि हलन्त ही अक्षरे नसून चिन्हे आहेत, त्यामुळे प्रत्येक मात्रेशी शब्द तुटतो. ‘पुस्तक’ या शब्दाचे ‘प’, ‘स’ आणि ‘तक’ असे तीन तुकडे होतात. ‘पैसा’ या शब्दाचे ‘प’ आणि ‘स’ होतात. आता ‘पैसा’ शोधला की इंजिन ‘प’ नंतर लगेच ‘स’ असलेली जागा शोधते, आणि ‘पुस्तक’ असलेली प्रत्येक नोंद निकालात येते. ग्रंथसूचीत याचा परिणाम काय होईल हे वेगळे सांगायला नको. उपाय सोपा आहे: तक्ता तयार करतानाच या विभाजकाला वर्गांची यादी देता येते. मूळ यादीत एमएन आणि एमसी हे चिन्हांचे दोन वर्ग वाढवले की शब्द अखंड राहतात. शब्दाच्या मधला भाग शोधायचा असेल तर ट्रायग्राम (तीन-तीन वर्णांचे तुकडे करणारा) विभाजकही आहे, पण त्याला किमान तीन वर्ण लागतात. ‘कथा’ मात्रेसह तीन भरते म्हणून सापडेल, ‘वन’ सापडणार नाही.

यानंतरही मराठीतली एक अडचण उरते. ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे लिहिलेला आढळतो: एकात खाली बिंदू असलेल्या ऱ या वर्णाला हलन्त जोडलेला असतो, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण युनिकोडचे सामान्यीकरण त्यांना एक मानत नाही, आणि जोडचिन्हाशी शब्द पुन्हा तुटतो. नोंद साठवण्यापूर्वी दुसऱ्या रूपाचे पहिल्यात रूपांतर करावे, आणि शोधाच्या चौकटीत आलेल्या मजकुरावरही तेच रूपांतर चालवावे. ऱ हा वर्ण स्वतःही एकसंध किंवा र आणि नुक्ता असा सुटा लिहिता येतो. ते मात्र नेहमीच्या सामान्यीकरणाने सुटते.

अकारविल्हे लावताना एसक्यूलाइट मुळात बाइटांचा क्रम पाहते. त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, तर आपल्या वर्णमालेत तो ह नंतर आहे. क्ष आणि ज्ञ अनुक्रमे क आणि ज यांच्या घरात जाऊन बसतात. स्वतःचा तुलनाक्रम लिहून इंजिनाला नोंदवून देता येतो. पण त्याला एक किंमत आहे: त्या क्रमावर इंडेक्स बांधला की ज्या प्रोग्रॅमला तो क्रम माहीत नाही त्याला तो इंडेक्स वापरता येत नाही, आणि लिनक्सवर साध्या एसक्यूलाइटच्या आज्ञाखिडकीत त्रुटी दिसते. आपल्या सूचीसाठी मी असे सुचवेन की क्रमासाठी एक वेगळा रकाना ठेवावा, त्यात शीर्षकापासून तयार केलेली, बाइटांच्या क्रमानेच योग्य लागेल अशी किल्ली लिहावी, आणि इंडेक्स त्या रकान्यावर बांधावा. फाइल सर्वत्र उघडेल आणि क्रमही मराठीच राहील.

कर्नलवाचक

दुसऱ्या शंकेविषयी. एफसिंकवर आंधळा विश्वास मोठ्या प्रणालींवरही ठेवता येत नाही. मॅकओएसवर साधे एफसिंक डिस्कच्या स्वतःच्या कॅशपर्यंतच माहिती पोहोचवते, म्हणून एसक्यूलाइटमध्ये त्यासाठी वेगळी आज्ञा आहे. लिनक्सवर एफसिंक एकदा अयशस्वी झाल्यावर पुढचे एफसिंक यशस्वी असल्याचे सांगू शकते, मधली पाने मात्र हरवलेली असतात. हे २०१८ साली लक्षात आल्यावर पोस्टग्रेएसक्यूएलने अशा वेळी सर्व्हर थांबवून लॉगवरून सावरण्याचा मार्ग धरला.

हायकूवर परीक्षा अशी घ्या. क्यूईएमयू या संगणकाचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हायकू चालवा. एक लहान प्रोग्रॅम लिहा, जो प्रत्येक ट्रान्झॅक्शनमध्ये पुढचा क्रमांक नोंदवतो आणि कमिट (ट्रान्झॅक्शन पूर्ण करण्याची आज्ञा) परतल्यानंतरच तो क्रमांक सिरियल पोर्टवरून बाहेर पाठवतो. मध्येच क्यूईएमयूची प्रोसेस सक्तीने बंद करा, पुन्हा चालू करा, इंटिग्रिटी चेक (फाइल शाबूत आहे का याची तपासणी) चालवा, आणि बाहेर आलेला शेवटचा क्रमांक डेटाबेसमध्ये आहे का ते पाहा. हे वेगवेगळ्या क्षणी पुष्कळदा करावे लागते, म्हणून स्क्रिप्ट लिहून रात्रभर चालू ठेवा.

निकालाचे दोन प्रकार संभवतात, आणि त्यांतला फरक ओळखा. फाइल बिघडली असेल तर सिंकचा क्रम पाळला जात नाही, आणि ते गंभीर आहे. फाइल शाबूत आहे पण शेवटचा एखादा क्रमांक नाही, असे झाले तर बहुधा जर्नल पुसल्याची नोंद डिस्कवर पोहोचण्याआधीच यंत्र बंद पडले, आणि पुन्हा उघडताना इंजिनाने ते जर्नल जिवंत समजून पूर्ण झालेला बदल मागे घेतला. अशा वेळी एसक्यूलाइटमधील सिंक्रोनसची (सिंक किती काटेकोरपणे करायचे हे ठरवणारी) पातळी फुलवरून एक्स्ट्रा करा. मग जर्नल पुसल्यानंतर त्याचे फोल्डरही सिंक होते. त्याने भागले नाही तर जर्नलची पर्सिस्ट पद्धत वापरून पाहा, कारण तिच्यात फाइल पुसलीच जात नाही, फक्त तिचे शीर्ष शून्य केले जाते. क्यूईएमयू बंद केल्यावरही यजमान प्रणालीची कॅश टिकून राहते, त्यामुळे डिस्कची स्वतःची कॅश रिकामी होते की नाही हे या परीक्षेत कळत नाही. त्यासाठी एखाद्या जुन्या यंत्राची वीज खरोखरच तोडावी लागेल.

सूचिकार

दोन्ही उत्तरे अत्यंत उपयुक्त आहेत. शेवटचे एक विचारतो: हायकूच्या पॅकेजमधील एसक्यूलाइट वापरावे, की एका फाइलीतला मूळ कोड प्रोग्रॅममध्येच घालावा?

कर्नलवाचक

मूळ कोड प्रोग्रॅममध्येच घाला. एफटीएस५सारख्या सोयी संकलनाच्या वेळी चालू किंवा बंद होतात, आणि पॅकेज बांधणाऱ्याने कोणते पर्याय निवडले यावर आपल्या सूचीचा शोध अवलंबून राहू नये. मात्र आपण वापरत असलेली एखादी दुसरी लायब्ररी प्रणालीतले एसक्यूलाइट त्याच प्रोसेसमध्ये आणत नाही ना, हे आधी तपासा. एका प्रोसेसमध्ये एसक्यूलाइटच्या दोन प्रती असल्या आणि दोघींनी एकच फाइल उघडली, तर एकीला दुसरीच्या लॉकची कल्पना नसते, आणि मी वर सांगितलेला लॉक सुटण्याचा प्रकार आपण एकदाही ओपन न लिहिता घडू शकतो. तशी लायब्ररी असेलच, तर तिच्याकडून सूचीची फाइल कधीही उघडली जाणार नाही अशी व्यवस्था ठेवा.